निर्णय घेणारे सगळे

आफ्रीनला घरातून काम सुरू करायची परवानगी मिळाली ती एकाच अटीवर: घरी कोणी येणार नाही.

"धंदा हाये अन् गिऱ्हाईक येनार नाई?" सासरे बाबूभाईंना हे पचेना. चंद्रपूरच्या बाजारात चाळीस वर्षं कुलपांचं दुकान चालवलेला माणूस तो.

"नाई अब्बा. मालक पुन्यात, मी इथी. त्यायची पत्रं, फोन, भेटी ठरवनं, सारं कॉम्प्युटरवरून."

"मंग ठीक. पन बैठकीत एक जरी परका मानूस दिसला, तर त्याच दिवशी तुझा हा कॉम्प्युटरचा डबा बंद."

२००७ साल होतं. तीन महिन्यांत आफ्रीनने पुण्याच्या साने साहेबांचं एक पत्र चुकवलं नाही, की एक वेळ. साहेबांचा चूर्णांचा कारखाना होता आणि मुलचेऱ्याकडच्या एका जंगलगावातून त्यांना थेट हिरडा घ्यायचा होता. त्यांचा मेल आला: 'शुक्रवारी दीड वाजता फोनवर बैठक ठरवा. निर्णय घेणारे सगळे हजर हवेत, नाहीतर वेळ वाया जातो.'

आफ्रीनने गावातल्या एकुलत्या एका फोनवर हा निरोप शब्दही न बदलता वाचून दाखवला. पलीकडे बचत गटाच्या नीलाबाई होत्या.

"सारे?" त्यांनी विचारलं.

"सारे."

"मंग आमचा फोन कामाचा नाई, बाई. मधातच कटते. तुमच्याच घरी येतो."

आफ्रीनने अंदाज बांधला. दोन, फार तर तीन माणसं. बाबूभाई शुक्रवारी नमाजहून परस्पर दुकानात जातात. अर्ध्या तासात सगळं उरकेल. ती "या" म्हणाली.

शुक्रवारी एक वाजता दारात मेटॅडोर थांबला आणि माणसं उतरू लागली. आफ्रीन मोजत उभी राहिली. नवापर्यंत ती शांत होती. सतराला तिने चौकट धरली. एकेचाळिसावी एक म्हातारी होती; तिला दोघांनी उचलून आत आणलं.

"नीलाबाई! मी निर्णय घेनारे बोलावले होते!"

"तेच आनले. आमच्यात सारा गाव बसते. एक जरी नाई म्हनला तर ठराव होत नाई." मग ओशाळून म्हणाल्या, "तिघं तापानं घरी हायेत. पन त्यायचं मत विचारून आलो."

बैठक भरली, स्वयंपाकघर भरलं, जिना भरला. बाबूभाईंच्या आरामखुर्चीत एक आजोबा डोळे मिटून पडले. आफ्रीनने फोनचा स्पीकर लावला.

"सगळे आहेत ना?" साने साहेबांनी विचारलं.

"हो सर," आफ्रीन म्हणाली. "अगदी सगळे."

साहेब दहा मिनिटं बोलले. मग गाव गोंडीत बोलू लागलं, आधी बैठकीतून, मग जिन्यावरून.

"हॅलो? क्रॉस कनेक्शन लागलं का?"

"नाही सर. निर्णय चालू आहे."

शेवटी नीलाबाई फोनवर वाकल्या. "माल देऊ, साहेब. पन तुमाले आमी पाह्यलं नाई. या बाईले पाह्यलं. आमच्या बाजूनंबी हीच बोलन."

"अहो, पण ती माझी सहायक आहे!"

"आता आमचीबी हाये."

पुण्याहून "बरं" आलं. आफ्रीनने फोन ठेवला, आणि दारातून आवाज आला.

"आफ्रीन!"

चपलांच्या ढिगापलीकडे बाबूभाई उभे होते. दुकानाकडे निघालेल्या त्यांना गल्लीतल्या कोणीतरी घरी लग्न आहे का म्हणून विचारलं होतं.

"या भाऊ," नीलाबाई उठून म्हणाल्या. "तुमचीच वाट पाहून राह्यलो. बाई इथूनच आमचं काम करन. घर तुमचं. तुमचा होकार नसला तर आमचा ठराव होत नाई."

सारं गाव बाबूभाईंकडे पाहू लागलं. म्हातारीने सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली. हाकलून द्यायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला.

"अन् मी नाई म्हनलो तर?"

"तरीबी चालते," नीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग बसाचं. तुमाले पटेपर्यंत सारे मिळून बोलाचं. मागच्या टायमाले चार दिवस लागले."

जिन्यावर कोणीतरी शिदोरीचं गाठोडं सोडलं. दुसऱ्याने चुलीसाठी जागा कुठे आहे ते विचारलं.

बाबूभाई हळूच सतरंजीवर टेकले.

"मंजूर," ते म्हणाले.