टेकडीवरचा रुपया

आमच्या सोसायटीत डझनभर केळी घेऊन शिरलं, की घरी अकराच पोचतात. बारावं परब काका घेतात. गेटाशी प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसलेले असतात, खिशाला दोन पेनं, मांडीवर स्टीलची ताटली. पिशवी दिसली की हात आडवा. "माल काय?" आपण सांगायचं. "नग किती?" तेही सांगायचं. मग ते स्वतः पिशवीत हात घालतात, एक नग ताटलीत ठेवतात आणि "जाऊ दे" म्हणून हात खाली घेतात. मेथीच्या जुडीतली एक काडी, गजऱ्यातलं एक फूल. माझ्या भावाने ऑनलाइन शर्ट मागवला तेव्हा बरीच वाटाघाट होऊन प्रकरण जादाच्या बटणावर मिटलं.

काका मुलुंडच्या जकात नाक्यावर तीस वर्षं होते. नुसती ताडपत्री बघून ट्रकमध्ये कांदे आहेत की काचा, ते सांगायचे म्हणे. पुढे जकातच बंद झाली. आम्ही खूश झालो, काका दोन दिवस जेवले नाहीत. कुठलाही कर वाढला की आम्ही सगळे मिळून शिव्या घालतो आणि काका पेपरची घडी घालत म्हणतात, "वाढवू देत की. रस्ते काय आभाळातून पडतात?" अशा माणसाबरोबर निवांत चहा पिणं फार कठीण असतं.

आम्ही राहतो घाटकोपरला, टेकडीच्या पार माथ्यावर. पूर्वी वरपर्यंत बस यायची, ती बंद झाली. रिक्षावाल्याला परतीचं भाडं मिळत नाही, म्हणून तो चढाच्या पायथ्याशीच आपल्याला उतरवतो. तिथून घरी पोचेपर्यंत पिशवीतली कोथिंबीर आणि आपण, दोघंही सारखेच मलूल. आम्ही धापा टाकत का होईना, चढतो तरी. परब काकूंचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांचा बाजार, देऊळ, सगळंच सुटलं. भाच्याच्या गाडीतून डॉक्टरकडे जायचं आणि परत यायचं, एवढंच. एकदा आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं, तर काकू मालवणीत कडाडल्या, "माका खुर्चीत घालून नेव नकात. मी काय गणपती आसंय?"

अशात काकांनी एक मिनीबसवाला शोधून काढला. तो दिवसभर स्टेशन ते टेकडी फेऱ्या मारायला तयार होता, फक्त महिन्याचे पैसे त्याला ठरलेले हवे होते. ते आणायचे कुठून? काकांचे डोळे चमकले. टेकडीवर दुकानं अकरा. प्रत्येक बिलावर एक रुपया जास्त घ्यायचा आणि काउंटरवरच्या बरणीत टाकायचा. महिनाभर करून बघायचं. पैसे जमले तर बस सुरू, नाही तर तो गाडी दुसरीकडे लावणार होता.

मीटिंगमध्ये जो गदारोळ झाला तो विचारू नका. आधीच सगळीकडे टॅक्स, त्यात हा टेकडी टॅक्स कोणाच्या डोक्यातून निघाला, असं सगळे काकांकडेच बघत विचारत होते. सगळ्यात मोठा आवाज गायकवाड वहिनींचा. वहिनी माझ्या शेजारच्या, इन्शुरन्स कंपनीत नोकरीला, आणि बोलायला एकदम रोखठोक. रोज चढून माझे पाय टणक झालेत, मला बस कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कंटाळून सगळ्यांनी महिनाभरासाठी हो म्हटलं.

आणि मग आम्ही जे केलं ते आमच्यासारखे लोकच करू जाणोत. वहिनींनी आमच्या मजल्यावरच्या सहा घरांचा ग्रुप काढला. सहा घरांच्या याद्या एकत्र, सामान एकत्र, बिल एक आणि रुपयाही एक. रोज आळीपाळीने एकीने आणायचं. इतर मजल्यांनीही लगेच आमचा कित्ता गिरवला. वाण्याकडची बरणी पंधरवड्यानंतरही तळाशीच होती.

त्या दिवशी आणायची पाळी माझी होती. वहिनी सोबत होत्या. गेटाशी हात आडवा आला. मी सांगितलं, घरचंच किराणा सामान. काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "चहापत्ती सहा पुडे, सहा वेगवेगळ्या कंपन्यांची. एका घरात सहा तऱ्हेचा चहा पितेस होय गं?" तीस वर्षं ट्रकवाल्यांना पकडलेला माणूस तो, त्याच्यापुढे आम्ही काय टिकणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी मात्र भडकल्या. आमच्या पिशव्यांत हात घालणारे तुम्ही कोण, केळी खायला मिळतात म्हणून ही दादागिरी चालते, आता काकूंनाच सांगते, असं म्हणत त्या तरातरा पहिल्या मजल्यावर गेल्या. काका आमच्या मागून हळूहळू ताटली घेऊन आले.

दार उघडंच होतं. काकू पलंगावर बसल्या होत्या. वहिनी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी ती ताटली काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी आम्हाला बसा म्हटलं आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागल्या.

"जांभळां इली मां बाजारात," त्या म्हणाल्या. "आणि ही अबोली. म्हणजे देवळाकडची फुलवाली गावाहून परत आली."

केळं हातात घेऊन त्यांनी यंदा केळी बारीक असल्याचं सांगितलं. मेथीची काडी हुंगली. काका बाजूला उभे राहून, कुठली वस्तू कोणाच्या पिशवीतून आली ते सांगत होते. काकूंचा रोजचा बाजार असा चालला होता, आणि आम्ही समजत होतो की म्हातारा नुसता चळलाय. मला फार लाज वाटली.

वहिनींनी तक्रार केलीच नाही. त्याच संध्याकाळी त्या एकट्या वाण्याकडे गेल्या आणि साखर, काडेपेटी आणि जिरं यांची तीन वेगवेगळी बिलं करायला लावली. वाणी वैतागला. ग्रुप त्यांनी बंद केला नाही, सगळ्या टेकडीला त्यात ओढलं आणि त्याचा उपयोग बदलला. आज ज्याने रुपया टाकला नाही, त्याचं नाव त्या तिथे लिहायला लागल्या. वहिनींना तोंड देण्यापेक्षा रुपया देणं सगळ्यांनाच परवडत होतं. महिनाअखेरीला अकराही बरण्या भरल्या, आणि पुढच्या मीटिंगमध्ये रुपया कायम ठेवायला एकजात सगळे हात वर गेले.

बस आली तेव्हा तिला हार घातला होता. पहिल्या फेरीला अर्धी टेकडी आत चढून बसली. काकू खिडकीशी, निळी साडी नेसून. खाली जाईपर्यंत त्या नुसत्या बाहेर बघत होत्या.

स्टेशनपाशी बस थांबली. काका आधी उतरले. काकू दारापर्यंत आल्या आणि थबकल्या, पायरी उंच होती. काकांनी दोन्ही हात पुढे केले. मागे आम्ही सगळे खोळंबलेले, समोर भर बाजार.

"लोक बघतत," काकू पुटपुटल्या.

"बघू देत," काका म्हणाले. "एकेक रुपया दिलाय त्यांनी."

काकूंनी दोन्ही हात त्यांच्या हातांत दिले आणि सावकाश पाय खाली टाकला. गायकवाड वहिनी माझ्या मागे उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या, आणि उतरायची घाई कोणालाच नव्हती.