गेटवर टांगलेली भूक

आमच्या सूतगिरणीत कामावर आत जाताना प्रत्येकानं आपली भूक गेटवर काढून ठेवायची, असा नियम होता. तहान आणि झोपही ठेवून घ्यायचो, पण त्यांची कटकट नव्हती. भुकेला मात्र जपावं लागतं. उन्हात राहिली की चिडते, ओल लागली की मरगळते. खुंटीला टांगायची, पितळी बिल्ला द्यायचा, सुटी झाली की बिल्ला घेऊन ज्याची त्याला परत करायची. हे काम माझ्याकडं होतं. मालकांचं म्हणणं, भूक बाहेर राहिली की माणूस मन लावून काम करतो. करत असेल. मला कुणी विचारलं नाही.

माझी स्वतःची भूक शेवटच्या खुंटीला असायची. बायको होती तोवर रोज घरी न्यायचो. ती गेल्यावर नेणं सोडलं. नेऊन करायचं काय? चूल थंड. चहा मारायचा आणि आडवं व्हायचं. पण न नेलेली भूक सुकते. माझी सुकून चिंचोक्याएवढी झाली. विजार कमरेवर ठरेना, म्हणून सुतळी बांधली.

गिरणीचे डॉक्टर म्हणाले, "तात्या, ही खुंटीवरनं गळून पडली तर मागोमाग तुम्हीही पडाल."

"पडेन. तुम्ही तुमच्या गोळ्या मोजा," मी म्हटलं.

एकदा सुटीला सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली अंजिरा घाईघाईनं आली. तिच्या घरी पाव्हणे यायचे होते. माझा हात पोचायच्या आत तिनं स्वतःच खुंटीवरनं भूक ओढली आणि गेली. तिच्या भुकेला माझी चिकटली होती, हे तिला कळलं नाही आणि मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यावरच ओरडली.

"तात्या, काल माझ्या गळ्यात काय बांधलंसा? पाव्हण्यांच्या आधी मीच ताट घेऊन बसले. सासू बघतच राहिली."

"मी बांधलं? ओढलंस तू."

"आणि वर ती भूक हुलग्याचे शेंगोळे पायजेत म्हणून हटून बसली. आमच्यात कुणी हुलगा खात न्हाई, तात्या. शेजारनं पीठ मागून आणलं."

मी विचारलं, "लसूण मागत होती का?"

"नुसता लसूण? सालीसकट ठेचून!"

माझी बायको तसाच घालायची. अंजिरानं पिशवीतनं डबा काढला. "उरल्यात. खावा."

खाणार कसा? भूक तिच्याकडं. आणि परत घ्यावी तर माझ्या नावाचा बिल्ला नाही. बिल्ले देणारा मी, मला कोण देणार? प्रकरण लेबर ऑफिसर कोरगावकर साहेबांकडं गेलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "बिल्ल्याशिवाय भूक परत देता येत नाही. ही बेवारस धरावी लागेल. बेवारस भुका बॉयलरमध्ये जातात."

"म्हंजे तात्यांना जाळताय व्हय?" अंजिरा म्हणाली.

"त्यांना नाही. फक्त त्यांची भूक."

"मग उरतंय काय त्यांचं? शिव्या?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून पानं उलटली. शेवटी म्हणाले, "जिनं नेली तिच्या नावावर करता येईल. पण एका बाईकडं दोन भुका कायम ठेवता येत नाहीत. रोज दुसरीच्या नावावर टाकावी लागेल. आणि जेवणाच्या सुटीत मूळ माणसाला उसनी द्यायला हरकत नाही. नेणारीनं समोर बसलं पाहिजे."

अंजिरानं खात्यात जाऊन सांगितलं. मी हात जोडले नाहीत, कुणाला विनवलं नाही. तरी बायका पाळी लावण्यावरनं भांडल्या. सोमवार दोघींना पाहिजे होता.

तेव्हापासून रोज एक बाई माझी भूक घरी न्यायची. ती काय मागते ते ऐकायची, रांधायची आणि दुपारी डब्यासोबत गेटवर आणायची. भूक माझ्या गळ्यात घालायची आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसायची. घरचं बोलायची, सुनेच्या कागाळ्या सांगायची. मी हं हं करायचो. भूक नारळाएवढी झाली. सुतळी सोडली. त्या खात्यात दांड्याही कमी झाल्या, कारण आपली पाळी कुणी चुकवत नव्हतं. साहेबांनी तसं वर कळवलं.

मी निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी माझ्या नावाचा नवा बिल्ला पुढं केला. "घ्या तात्या, आता तुमची भूक तुम्हाला."

मी बिल्ला परत सरकवला. म्हटलं, "राहू दे. माझी आहे तिथं बरी आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा माणूस आत बोलावला.

आभार मानायची मला सवय नाही. बायकोचेही कधी मानले नाहीत. पण रोज दुपारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मी गिरणीच्या गेटवर जातो. काल सरूबाईची पाळी होती. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. तसं तिला तोंडावर सांगितलं.

"मग ठेवा खाली," ती म्हणाली.

मी वाटी पुढं केली आणि म्हटलं, "वाढ अजून."