सुखी माणसांच्या तक्रारी

परदेशातून आलेली मेल साहेबांनी समोर उभ्या कारकुनाला मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचे शर्ट विकत घेणाऱ्या तिकडच्या कंपनीने विचारलं होतं, की तुमच्या कारखान्यात सहाशे बारा माणसं, भिंतीवर तक्रारपेटी, आणि तीन वर्षांत एकही तक्रार नाही, हे कसं? तिकडे नवा कायदा आला होता. शर्ट विकायचा तर तो शिवणारा माणूस कुठल्या हालात शिवतो, याचा जाब विकणाऱ्याने द्यायचा. गुरुवारी त्यांची तपासनीस बाई येणार होती. तिचं समाधान झालं नाही, तर करार रद्द.

पेटी रिकामी का, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ती साहेबांच्या केबिनच्या दाराला लागून होती आणि तिच्या बरोबर वर कॅमेरा होता.

“गुरुवारपर्यंत पेटीत वीस तक्रारी पाहिजेत,” साहेब म्हणाले.

“कसल्या, साहेब?”

“सुखी माणसाच्या असतात तसल्या.”

कारकून वीस कोरे कागद आणि चार रंगांची पेनं घेऊन घरी आला. जेवणाच्या टेबलावर कारखाना सुरू झाला. बायकोने लिहिलं, हात धुवायच्या साबणाला वास नाही. त्याने डाव्या हाताने लिहिलं, पंखा कुरकुरतो.

“अहो, पकडलं तर तुरुंग इथला की तिकडचा?” बायकोने सहज विचारलं.

हा विचार त्याने केला नव्हता. तो आता करू लागला आणि पुढची ओळ वाकडी गेली. तेवढंच अक्षर आणखी वेगळं आलं.

त्याच्या आईने त्याच कारखान्यात बावीस वर्षं कॉलर शिवल्या होत्या. गुडघे गेले तेव्हा घरी बसली. तिने एक कागद मागून घेतला आणि परीक्षेत शेजारणीपासून उत्तर झाकावं तसा हात आडवा धरून लिहिला. घाईत कारकुनाने कागद फक्त मोजले. वीस भरले. आईचा वाचायचा राहून गेला.

गुरुवारी पेटी उघडायची वेळ आली, तर किल्लीच सापडेना. तीन वर्षांत ती कुणाला लागलीच नव्हती. शेवटी मेकॅनिकने हातोडीने कुलूप फोडलं. तपासनीस बाई इकडची भाषा शिकून आल्या होत्या आणि सावकाश, एकेक कागद वाचत होत्या. साबण, पंखा, आरसा धूसर. साहेब मान डोलवत होते. विसाव्या कागदाशी बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मोठ्याने वाचलं.

“मागचं दार कामाच्या वेळात बाहेरून कुलूपबंद असतं. आग लागली तर आम्ही कुठून पळायचं?”

कारकुनाने कागदाकडे पाहिलं. याच अक्षरात त्याच्या शाळेच्या वह्यांवर त्याचं नाव असायचं.

बाई उठून थेट मागच्या दाराशी गेल्या. दार हललं नाही. किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी पुढच्या फाटकावर, आणि तो धावत आला तो भलताच जुडगा घेऊन. बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. दार उघडायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात कापडाचं गोदाम जळून राख होतं, आणि त्यातली माणसंही.

“चोरांसाठी लावतो ते,” साहेब म्हणाले.

“चोर आत आहेत का?” बाईंनी विचारलं आणि लिहून घेतलं.

जाताना त्यांनी बजावलं, की कुलूप आजच काढा, दर महिन्याला पेटीत पडेल तो प्रत्येक कागद आमच्याकडे पाठवा, आणि हे लिहिणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला तर करार संपला.

कुलूप गुरुवारी निघालं. सोमवारी पुन्हा लागलं.

त्याच दिवशी साहेबांनी कारकुनाला आत बोलावून विसावा कागद पुढे टाकला. हे अक्षर कुणाचं, ते शनिवारपर्यंत शोधायचं. नाही सापडलं तर ते त्याचंच समजण्यात येईल आणि त्याने दुसरी नोकरी बघावी. घरात कमावणारा तो एकटा.

“आई, का लिहिलंस गं?” घरी आल्यावर त्याने विचारलं.

“बावीस वर्षं तिथं बसले. कुणी कागद दिला नाही,” आई म्हणाली. “तू दिलास.”

मंगळवारी साहेबांनाच युक्ती सुचली. सगळ्यांकडून लिहून घ्यायचं आणि अक्षर ताडून बघायचं. काय लिहून घेऊ, असं कारकुनाने विचारलं, तेव्हा ते त्याच्या अकलेवर वैतागले.

“तेच वाक्य घे. शब्द बदलले तर अक्षर जुळवणार कसं? आणि खाली सही, नाहीतर कागद कुणाचा ते कळायचं कसं?”

कारकून मशीनमागून मशीन फिरला. प्रत्येकापुढे कागद ठेवून वाक्य सांगितलं. कॉलरच्या टेबलावरच्या बाईने आधी कागद पाहिला, मग मागच्या दारावरचं कुलूप, मग त्याला.

“सही पण?”

“सही पण, मावशी. साहेबांचा हुकूम आहे.”

तिने इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. दुसरा मागून घेतला. बाकी कुणीच काही विचारलं नाही.

शनिवारी कारकून गठ्ठा पुढ्यात घेऊन बसला. एकही अक्षर जुळत नव्हतं, जुळणार नव्हतंच. तो पुन्हा पहिल्यापासून उलटू लागला. मागचं दार कुलूपबंद असतं, सही. मागचं दार कुलूपबंद असतं, सही. पन्नासाव्या कागदाशी त्याचा हात थांबला. आपण काय गोळा केलंय, हे त्याला तेव्हा कळलं.

त्याने सगळे मोजले. सहाशे अकरा. पुन्हा मोजले, तेवढेच. कारखान्यात माणसं सहाशे बारा. कोण राहिलं, म्हणून त्याने हजेरीपट वरपासून तपासला. शेवटच्या ओळीत त्याचंच नाव होतं.

बराच वेळ तो पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला. मग त्याने कोरा कागद ओढला आणि ते वाक्य लिहिलं, या वेळी उजव्या हाताने. खाली सही केली.

साहेब केबिनमधून बाहेर आले तेव्हा तो कॅमेऱ्याखाली उभा राहून पेटीत कागद कोंबत होता. पेटी केव्हाच भरली होती. उरलेले खाली दोन खोक्यांत होते, आणि खोक्यांवर परदेशचा पत्ता लिहून तयार होता.

“सापडलं का अक्षर?” साहेबांनी विचारलं.

“सापडलं, साहेब,” कारकून म्हणाला. “आता केसाला धक्का लावायचा तर सहाशे बारा डोकी आहेत.”