रज्जाकचाचा डोळे मिटत नाहीत

रज्जाकचाचांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नाही. तुम्ही म्हणा, "चाचा, चहा आला." ते तुमच्याकडे असे बघणार, की चहा नाही, पोलीस आलेत. मग बोट वाकवून बोलावणार. "इकडं ये. समोर उभा राह्य, उजेडात. आता पुन्हा सांग." तुम्ही पुन्हा सांगायचं. मग ते हळूच मान हलवणार. "हां. शब्द बदलला नाही. म्हनजे खरं बोलून राह्यला." तोवर चहा थंड झालेला असतो, आणि थंड का झाला याचाही त्यांना संशय येतो.

घाटंजीच्या बाहेर आमचं कापसाचं जिनिंग आहे. चाचा तिथले जुने फिटर आणि मी, सुनीता, वजनकाट्यावर बसते. आता संशय हा माझ्या कामाचाच भाग आहे, बाप्पा. शेतकऱ्याला वाटतं काटा खोटा आहे, मला वाटतं यानं कापसावर पाणी मारलंय, आणि ड्रायव्हरला वाटतं आम्ही दोघं आतून मिळालेलो आहोत. पण संध्याकाळी केबिनला कुलूप लावलं की माझा संशय तिथेच राहतो. चाचा आपला संशय घरी नेतात आणि सकाळी ताजा करून परत आणतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "याच्यात काहीतरी हाये." पाऊस येईलसं वाटतंय म्हणा, याच्यात काहीतरी हाये. मॅनेजरसाहेबांनी मिशा काढल्या म्हणा, याच्यात काहीतरी हाये. माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर पेढा उलटासुलटा करून म्हणाले, "याच्यात काहीतरी हाये." पुढे ते लग्न मोडलं. तेव्हापासून आमच्या जिनिंगमधल्या बायका चाचांना पोचलेला माणूस समजतात.

फोन ते घेत नाहीत. वाजला की दुसऱ्याच्या हातात देतात. का, तर म्हणे, "बोलनारा दिसत नाही. जो दिसत नाही त्याचा काय भरोसा?" बसतील ते भिंतीला पाठ लावून. पाठीमागून कोणी आलं की दचकून असे वळतात, की येणाराच घाबरतो. आणि बोलताना नजर सारखी आपल्या तोंडावर. आमच्याकडे कापूस उडतो म्हणून बायका नाकातोंडाला फडकं बांधतात, तर चाचांचं पहिलं वाक्य, "तोंडावरचं काढ, मंग बोल." शेवंताबाई एकदा उखडली. "म्हाताऱ्या, माह्या तोंडात काय कापूस लपवला हाये मी?"

खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांचा संशय होता. हा माणूस एवढं निरखून निरखून काय बघतो? कोण कोणाशी बोललं, हे वर जाऊन सांगतो की काय? शेवंताबाईचं तर पक्कं मत होतं, चाचा मालकाचा माणूस आहे म्हणून. त्यांच्यासमोर आम्ही चहाची साखरसुद्धा जपून मागायचो.

दिवाळीनंतर हंगाम लागला की मात्र हा माणूस खुलायचा. आमच्याकडे सरकी काढायच्या मशिनला रेचा म्हणतात. ओळीनं रेचे सुरू झाले की आत कानठळ्या बसतात, तिथे बोलणं शक्यच नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. अंगठा ओठाला लावला की चहा, मूठ फिरवली की पट्टा चढवा, दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की रेचा बंद. त्या गदारोळात चाचा हसायचे, थट्टा करायचे, लांबूनच हात हलवून शेवंताबाईला चिडवायचे. हंगाम संपून सगळं शांत झालं की पुन्हा भिंतीला पाठ. अख्ख्या जगाला शांततेत बरं वाटतं, या माणसाला गोंधळात काय सुख मिळतं, मला कळायचं नाही.

मग जिनिंगला नवे मालक आले. आले म्हणजे दिसले नाहीत, पण आले. नव्या रंगाची पाटी लागली, हजेरीला अंगठ्याचं मशीन बसलं, आणि हंगामाआधी काही लोकांना कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, की पुण्याहून एक मॅडम येणार, सोबत हेड ऑफिसचे साहेब येणार, आणि सगळ्या स्टाफनं रिकाम्या गोदामात गोल बसून ढोल वाजवायचे. टीम बिल्डिंग आहे.

"कायले?" शेवंताबाईनं विचारलं.

"एकजूट व्हावी म्हणून."

"एकजूट झाली का तुम्हीच म्हनता युनियन करून राह्यले!"

चाचांना मी हे समोर उभी राहून, उजेडात, दोनदा सांगितलं. या खेपेला ते वाक्य आलं नाही. ते खाली बसले. मग म्हणाले, "बेटी, हे परीक्षा हाये. जो तालात नाही, त्याले काढतीन."

"काहीतरीच काय चाचा! ढोल वाजवून कोणी नोकरीवरून काढतं का?"

"मंग पगार देऊन ढोल कोन वाजवाले लावते? तूच सांग."

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. "मले काढलं त या वयात दुसरीकडं कोन ठेवनार?" असं म्हणून त्यांनी हातातला पाना पुसला, तोच पुन्हा पुसला. खरंच घाबरले होते. मग मीही घाबरले, कारण काट्यावर मशीन बसवलं की माझी तरी काय गरज?

त्या दिवशी गोदामात जेंबे नावाचे ते कमरेएवढे उंच ढोल गोल मांडून ठेवले होते. चाचांनी आपला ढोल आधी उलटा करून आत पाहिला. मग शेजारच्या मुनीमजींचा पाहिला. "आत काही नाही," मला येऊन सांगितलं, आणि त्यानं त्यांची काळजी उलट वाढली. हेड ऑफिसचे साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. ते वाजवणार नव्हते, नुसते बघणार होते. ते मलाही आवडलं नाही.

पुण्याच्या मॅडम वयानं लहान, गोड पोरगी. ती म्हणाली, इथे कोणी साहेब नाही, कोणी कामगार नाही, सगळे सारखे. मॅनेजरसाहेब लगेच मधल्या चांगल्या जागेवर सरकले. सुरुवातीला आमचं जे काही चाललं होतं, ते ऐकून पत्र्यावरची कबुतरं उडून गेली. चाचा मात्र बरोबर होते. मॅडमच्या हातांवर डोळे रोवून होते, तिचा हात पडला की यांचा पडायचा. मला हायसं वाटलं.

आणि मग ती म्हणाली, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. बघायचं नाही, फक्त ऐकायचं. मी स्टॉप म्हटलं की थांबायचं."

सगळ्यांनी डोळे मिटले. चाचांनी नाही. इकडे बघ, तिकडे बघ. शेवटी मॅनेजरसाहेबांनी जवळ जाऊन स्वतःचे डोळे मिटून दाखवले.

"डोये कायले मिटाचे, साहेब?"

"चाचा, सगळ्यांनी मिटलेत. मिटा बरं, हेड ऑफिसचे बघताहेत."

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. संशय नव्हता तिच्यात, नुसती भीती होती. मग त्यांनी डोळे मिटले.

वाजायला लागलं. सगळे मिळून, जोरात, ते भलं मोठं रिकामं गोदाम घुमायला लागलं. मी, खोटं कशाला सांगू, एक डोळा किलकिला ठेवला होता. आणि चाचांचा चेहरा पाहून दुसराही उघडला. रेच्यांच्या गदारोळाबाहेर तो चेहरा मी कधी सैल पाहिला नव्हता. मान डोलत होती. हसत होते. ढोल पोटाशी घट्ट धरला होता त्यांनी.

"स्टॉप!" मॅडम ओरडली.

सगळे थांबले. चाचा वाजवत राहिले.

एकजण हसला, मग सगळेच हसले. "चाचा, बस करा!" मुनीमजी म्हणाले. चाचा वाजवत राहिले. "अहो चाचा!" मॅनेजरसाहेब ओरडले, गोदामात आवाज घुमला. चाचा मान डोलावत होते. आणि कोपऱ्यातले साहेब खुर्चीत पुढे सरकले.

मला एकेक आठवायला लागलं. इकडं ये. समोर उभा राह्य. पुन्हा सांग. तोंडावरचं काढ. फोन दुसऱ्याच्या हातात. याच्यात काहीतरी हाये, हे कुठल्याही बोलण्यावर खपणारं उत्तर! अगं बाई, या माणसाला ऐकूच येत नाही. अन् आम्ही त्याला मालकाचा माणूस म्हणत होतो.

मी माझ्या ढोलावर हात आपटला. जोरात, चाचांच्याच तालात. मुनीमजी बघतच राहिले. शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. ती जन्मभर रेच्यावर काम केलेली बाई आहे, रेच्यानं कान गेलेली माणसं तिनं पाहिलीत, तिला काय सांगावं लागतंय? तिनंही वाजवायला सुरुवात केली, मग तिच्या बाजूच्या बायकांनी, मग सगळ्यांनीच. पुण्याची मॅडम आनंदानं नाचायलाच लागली. तिला वाटलं, आमच्यात काहीतरी आपोआप जागं झालं.

आता थांबायचं कसं? मी पाय लांब करून चाचांच्या चपलेला ढोसलं. त्यांनी डोळे उघडले. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली धरली. रेचा बंद.

एका क्षणात सगळं गोदाम बंद. चाचा, बायका, फिटर, सगळे एकदम. फक्त मॅनेजरसाहेबांचा एक ठोका मागून एकटाच पडला, कारण ते रेच्यावर कधी फिरकलेच नव्हते.

कोपऱ्यातल्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "असा स्टॉप मी मोठ्या कंपन्यांतही पाहिला नाही," असं म्हणाले. कोणाला कमी केलं नाही. मुळात करणार होते की नव्हते, ते मला अजूनही माहीत नाही, आणि विचारायची हिंमत नाही.

संध्याकाळी चाचा काट्याच्या केबिनमध्ये आले. दार लावून घेतलं. भिंतीला पाठ लावून बसले.

"तुले समजलं."

मी खुर्ची फिरवून त्यांच्यासमोर झाले. "हो, चाचा."

"कोनाले सांगनार?"

"कोणाला नाही. पण यवतमाळला जाऊन कानाचं मशीन का नाही लावून घेत?"

"मशीन कानात दिसते, बेटी. दिसलं का हे म्हनतीन, बहिऱ्या फिटरले ठेवून काय करू? रेचा बिघडला त पयले आवाज बदलते. मी हात लावून वयखतो, पन त्यायले हे कोन सांगन?" मग म्हणाले, "माही नात हाये ना बाभुळगावची, अलीना. ते बोलाले लागली अन् इकडं माहं सारंच बंद झालं. फोनवर रोज दादा, दादा करते म्हने. मी फोन तिच्या दादीले देऊन टाकतो. पोरगी म्हनते, दादाले मी आवडत नाही."

त्यांनी आपला पंजा छातीवर ठेवला.

"आज ढोल इथं ऐकू आला. लय दिवसानं काही ऐकलं मी. बेटी, ते ढोल कुठी भेटते?"

तो ढोल कुठे मिळतो मला काय माहीत! पण पुढच्या आठवडी बाजारात आम्ही दोघं गेलो आणि एक चांगलं तापवलेलं डफडं घेतलं. चाचांनी ते उलटं करून आत पाहिलं, दुकानदाराला समोर उभं करून भाव दोनदा वदवून घेतला. कानाच्या मशीनचं विचारलं तर म्हणाले, "हंगाम होऊ दे." मी म्हटलं, "याच्यात काहीतरी हाये, चाचा." माझ्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे बरोबर कळलं त्यांना. खूप हसले.

परवा रविवारी त्यांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडापासूनच आवाज येत होता. चाचींनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले होते, आणि शेजारी दारात उभं राहून या घराला काय झालं म्हणून बघत होते. ओसरीवर चाचा डफडं छातीशी घट्ट धरून बसले होते. समोर बाभुळगावहून आलेली दोन वेण्यांची अलीना, दोन्ही हातांनी बडवत होती. मध्येच थांबून ओरडायची, "दादा!" आणि पुन्हा दोन थापा मारायची.

चाचांचे डोळे मिटलेले होते.

मी पुढे जाऊन त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. पाणी होतं त्यांच्यात.

"ऐकलं का?" म्हणाले. "दोन थापा म्हनजे मी. मले हाका मारून राह्यली."

मी त्यांच्या समोर उजेडात उभी राहिले, उन्हासाठी तोंडावर घेतलेला पदर काढला आणि म्हटलं, "ऐकलं, चाचा." मग न सांगताच पुन्हा एकदा म्हटलं, "ऐकलं."