खाचेखालची मुलं

एकेचाळीस साली तिसगावच्या बाजूला पाऊस झाला नाही, तेव्हा सरकारने माळावर रस्त्यासाठी खडी फोडायचं काम काढलं. खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलाला दुपारी वाडगंभर आंबील मिळेल, असा हुकूम होता. काम न करणाऱ्या बाईच्या मुलाला मात्र नाही. मूल फुकट जेवलं की आई आळशी होते, हे वरच्या कचेरीत जेवणानंतर एकमताने ठरलं होतं.

आता मूल कोणाला म्हणायचं? 'म्हस व्याली त्या साली' असल्या जन्मतारखा रकान्यात मावेनात. म्हणून वरून एक काठी आली, तिला एक खाच. डोकं खाचेखाली राहिलं तर मूल, वर गेलं तर मजूर.

ही काठी कारकून विष्णुपंतांच्या ताब्यात होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चुकीच्या रकान्यात टिंबसुद्धा दिलं नव्हतं.

लंकाबाई विधवा, पदरात एकटी रतन. दिवसाला सोळा पाट्या खडी ठरलेली. ती अठरा फोडायची. वरच्या कचेरीतले साहेब तपासणीला आले आणि थबकले. "एवढी ताकद असलेल्या बाईच्या घरी टंचाई कसली?" रतनचं वाडगं बंद झालं. दुसऱ्या दिवशी लंकाबाईने बाराच फोडल्या. साहेबांनी शेरा मारला, 'आंबिलीने आळस वाढला.' वाडगं बंदच.

"भाऊसाहेब, मग मी करू तरी काय?"

विष्णुपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. "पंधरा फोड. सोळा भरल्यास तर धडधाकट ठरशील, चौदा केल्यास तर आळशी."

"आन पंधरा क्येल्या तर?"

"गरजू."

रतनचं वाडगं परत आलं. ही बातमी माळभर व्हायला वेळ लागला नाही. पंधरावी पाटी भरली की साठच्या साठ हातोडे खाली. एखादी नवखी चुकून सोळाव्या पाटीला हात घाली, तर खडी फोडणाऱ्यांतली जुनी साळूबाई बाभळीखालून ओरडे, "अगं ए कामाची! बस की खाली! पोराचं वाडगं लवंडतीस काय?"

पण आंबिलीने घात केला. दोन महिन्यांत रतन बोटभर वाढली आणि तिचं डोकं खाचेला टेकलं.

"आंबील प्याली म्हनून वाढली, आन वाढली म्हनून आंबील बंद?" लंकाबाई म्हणाली. "ह्यो कुठला न्याय, भाऊसाहेब? हातात हातोडा धरायचं वय हाय का तिचं?"

"न्याय नाही, बाई. नियम आहे."

त्या दिवशी विष्णुपंतांना जेवण गेलं नाही. सकाळी काठी रोवताना त्यांनी तिच्याखाली एक दगडाची चीप सरकवली आणि वर माती लोटली. रतन पुन्हा मूल झाली. मग दर पंधरवड्याला पोरं वाढत आणि काठीखाली एक चीप वाढे.

"काठीबी आंबील पिती जनू," साळूबाई म्हणाली. विष्णुपंतांना ऐकू आलं नाही.

पाचव्या महिन्यात साहेब परत आले. त्यांनी वही चाळली. पहिल्या दिवशी खाचेखाली साठ मुलं, आजही साठ. साहेब गंभीर झाले. "विष्णुपंत, पाच महिने आंबील पाजूनही एकही मूल वाढलं नाही?"

विष्णुपंतांनी काठीच्या बुडाकडे पाहिलं. खरं सांगावं, तर साठही मजूर. गप्प बसावं, तर...

"नाही, साहेब."

'आंबील निरुपयोगी. सबब बंद,' साहेबांनी लिहिलं आणि ते मोटारीत बसले. धुरळा खाली बसल्यावर रतनने रिकामं वाडगं आईजवळ ठेवलं आणि लहानशी हातोडी उचलली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रस्ता पुरा झाला. दर सोळाव्या पाटीला तो खचलेला आहे. पोटभर जेवून आपण त्यावरून जातो, गाडी आदळते, डोकं टपाला लागतं. मग आपण शेजारच्याला म्हणतो, "फुकट खायची सवय लागली की लोक कामं अशीच करणार!"