वेळेचा रिकामा रकाना

माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर मिशी उतरवीन, असं मी हॉलच्या मॅनेजरना ठणकावून सांगितलं होतं. मला मिशी नाहीच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. हॉल शोकसभांचा आणि नोंदणीचा प्रोग्रॅम माझा. तारीख टाका, वेळ टाका, बोलवायच्या माणसांचे नंबर टाका, की सगळ्यांना मेसेज आपोआप जातो. रडायचं काम तेवढं तुमच्याकडे.

मग आमचे काका गेले, म्हणजे मावशीचे यजमान. बिस्किटांच्या कारखान्यात जन्मभर रात्रपाळी. जग जागं तेव्हा हे झोपलेले, त्यामुळे शेजारपाजारी ओळखी बेताच्याच. "माझ्या शोकसभेला तू आणि खुर्च्या," असं ते मावशीला चिडवायचे. मावशीने ते मनाला लावून घेतलं होतं. हॉल भरला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

"रविवार टाक," ती म्हणाली. "वेळ नको टाकूस. जन्मभर भोंग्यावर उठले बिचारे. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा येऊ दे."

"नाही टाकली तरी चालतं गं. प्रोग्रॅम कोणी लिहिलाय?"

रविवारी सकाळपासून बसलो. फोटो, खुर्च्या, मावशी आणि मी. दुपार झाली तरी चिटपाखरू नाही. मावशी फोटोकडे बघून म्हणाली, "तुमचंच खरं झालं हो." बाहेर जाऊन मी कारखान्याच्या फोरमनना फोन लावला.

"अरे, काल येऊन गेलो की," ते म्हणाले. "झाडून सगळे होतो. मी बोललोसुद्धा. तूच कुठे दिसला नाहीस."

"काल? पण साहेब, फोटो तरी बघायचात!"

"बघितला ना. कोट होता अंगात. म्हटलं, लग्नातला असेल."

मी तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडला. आमच्या पडद्यावर रविवारच दिसत होता. पण वेळ रिकामी, म्हणून प्रोग्रॅमने आपल्या मनाने मध्यरात्र धरली. तारखा साठवणारा सर्व्हर परदेशात, त्याचं घड्याळ आपल्या मागे. आपला रविवार उजाडतो तेव्हा त्याच्याकडे अजून शनिवारच असतो. मेसेज तोच पाठवतो, आणि तो शनिवार लिहून मोकळा झाला. वेळ टाकली असती तर ती परत आपल्या घड्याळात आणायची सोय मी केलेली होती. नुसत्या तारखेची केली नव्हती. शोकसभेला वेळ न टाकणारं माणूस माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आत येऊन बघतो तर मावशीसमोर चौकशीला आलेल्या एक बाई बसलेल्या. काल याच हॉलमध्ये त्यांच्या यजमानांची सभा होती. यजमान वकील. रात्रभर झोप नसावी, डोळे सुजलेले.

"खरं सांगा," त्या मला म्हणाल्या, "आमचे वकील रात्री बिस्किटांच्या कारखान्यात जायचे का? मला तर म्हणायचे, केसचा अभ्यास आहे, दार लावून घे."

मी सगळं सांगून टाकलं. मावशी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकली. "काय म्हणाले हो सगळे?"

बाईंनी संशयापोटी शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता. कोणाचा हात भाजला तेव्हा त्याची पाळीही यांनीच केली. डबा कधी एकट्याने खाल्ला नाही. भट्टीसमोर बेसूर गायचे, ते गेल्यापासून भट्टीजवळ करमत नाही. "मागे उभं राहायला जागा नव्हती," बाई म्हणाल्या.

"गायचे?" मावशी रडता रडता म्हणाली. "घरी कधी गायले नाहीत."

मग बाईंनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "म्हणजे कालची गर्दी आमची नव्हतीच. आमचं म्हणून कोण आलं होतं मग?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. वकिलांच्या नोंदीत वेळ होती. त्यांचे मेसेज सगळ्यांना पोचले होते, अगदी बरोबर दिवसाचे. सगळ्यांनी वाचलेही होते.

"तुमचे मेसेज गेलेच नाहीत," मी म्हणालो. "प्रोग्रॅमच भिकार आहे. एकाला गेला असेल तर शपथ."

"तरीच," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मावशीने त्यांचा हात हातात घेतला.

नसलेली चूक मी जन्मात पहिल्यांदाच कबूल केली होती. ती ऐकायला मॅनेजर नेमके माझ्या मागे येऊन उभे होते. मी वळलो, आणि तेव्हा कुठे त्यांचं लक्ष माझ्या नसलेल्या मिशीकडे गेलं.