यॉमसाहेबांपुढे गुणी कॉम्प्युटर

नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही, असं प्यो तॉकसूंनी ठरवलं, तेव्हा आपण घरात एका परपुरुषाला आणून बसवतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. (परपुरुष हा त्यांचा शब्द. जॉन्जू शहरातल्या त्या इमारतीत बाकी सगळे त्या गृहस्थांना यॉमसाहेब म्हणत.)

जुना कॉम्प्युटर पार थकला होता. सुरू होताना धापा टाकायचा आणि मनात आलं की पडदा काळा करून गप्प बसायचा. एरवी खपून गेलं असतं, पण तॉकसूंची बायको मालसून आईच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी जुन्या फोटोंची फिल्म जोडत होती. सगळं माहेर जमायचं होतं. रोज संध्याकाळी ती कामाला बसे, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तॉकसू पेपर वाचत तिला सोबत करत, आणि आईच्या लग्नाच्या फोटोपर्यंत यावं तोच कॉम्प्युटर मान टाकी.

नवा घेऊ या, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं.

"यंत्र चांगलं आहे," तॉकसू म्हणाले. "जरा समजून घ्यावं लागतं, एवढंच."

"लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय?" मालसून म्हणाली आणि तिने तिसऱ्या मजल्यावरच्या यॉमसाहेबांना फोन लावला.

यॉमसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, विधुर. बोलणं मऊ आणि डोक्यावर सगळे केस. (तॉकसूंना खरं तर ही शेवटची गोष्टच जास्त लागली.) ते आले, तसे तॉकसू उठून बाल्कनीत गेले आणि आधीच लख्ख असलेल्या किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, बरण्या पुसू लागले. आतून मालसूनचं हसू ऐकू येत होतं. घरात असं हसतात हे तॉकसू विसरूनच गेले होते.

यॉमसाहेबांसमोर कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा वागला. एकदाही बंद पडला नाही. त्यांनी आतली धूळ काढली, दालचिनीचं गार सरबत घेतलं आणि जाताना म्हणाले, "दादा, याला काही झालेलं नाही. लोण्यासारखा चालतोय."

ते गेले, तॉकसू पेपर घेऊन आपल्या जागी बसले आणि राजकारणाचं पान उघडतात तोच पडदा काळा.

असं वारंवार झालं. यॉमसाहेब आले की कॉम्प्युटर गुणी, तॉकसू टेबलाशी बसले की आडमुठा. बायको एक वेळ समजू शकतो, पण स्वतःच्या पगारातून घेतलेलं यंत्रही फितूर व्हावं? त्यातच एका संध्याकाळी यॉमसाहेब यायच्या आधी मालसून लग्नाकार्यात घालायचा ब्लाउज घालून बसलेली त्यांनी पाहिली. बाकीचे धुवायला टाकलेत, असं ती म्हणाली. तॉकसूंनी जाऊन धुण्याचं मशीन उघडून पाहिलं. ब्लाउज होते. त्याने त्यांचं समाधान झालं नाही.

मग त्यांनी स्वतःच दुरुस्ती करायची ठरवलं. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली की कॉम्प्युटर सुधारतो, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तॉकसूंनी पट्टी काढली आणि तिच्या जागी यॉमसाहेब आहेत असं समजून घासली. परत बसवल्यावर कॉम्प्युटर सुरूच होईना. नुसता पीं पीं करत टाहो फोडू लागला.

मालसूनने सरळ फोन उचलला.

या वेळी मात्र तॉकसू बाल्कनीत गेले नाहीत. खुर्ची ओढून टेबलाशी पहाऱ्याला बसले. यॉमसाहेबांनी अर्धवट बसलेली पट्टी नीट दाबली, कॉम्प्युटर जागा झाला आणि पडद्यावर सासूबाईंचा तरुणपणीचा फोटो आला.

"वहिनी, अगदी आईवर गेलात हो तुम्ही," यॉमसाहेब म्हणाले.

पडदा काळा झाला.

यॉमसाहेबांना केवढा आनंद झाला. रोग एकदाचा डोळ्यांसमोर आला होता. ते टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. मग खालून शांतपणे आवाज आला, "प्योदादा, तुमचा पाय."

"माझ्या पायाचं काय?"

"हलतोय. तुमचा गुडघा टेबलाला लागतो, टेबलामागे वायर दबलीय, आणि कॉम्प्युटरच्या डब्यामागचा प्लग सैल आहे. तुम्ही पाय हलवलात की तो निसटतो."

तॉकसूंनी पाय थांबवला. कॉम्प्युटर सुरू केला, फिल्म चालू राहिली. मालसून नवऱ्याच्या पायाकडे बघत होती.

"यॉमसाहेब, अजून थोडं सरबत घ्या ना," ती मुद्दाम गोड आवाजात म्हणाली.

पडदा काळा.

तिने हे पुन्हा करून पाहिलं, ते खात्रीसाठी की गंमत म्हणून, कोण जाणे. तॉकसूंचे कान लाल झाले. मनातलं सगळं गुडघ्याने चारचौघांत ओकून टाकलं होतं.

यॉमसाहेबांनी वरून आपली जादा वायर आणली आणि बसवली. खाली मान घालून ते म्हणाले, "दादा, खरं सांगू? बिघाड सापडला याचं मला वाईटच वाटतंय. माझं घर फार चिडीचूप असतं. तुम्हा दोघांची कटकट ऐकली की बरं वाटायचं. हेवा वाटायचा तुमचा."

आपला कोणी हेवा करावा हे तॉकसूंना अगदी नवीन होतं. ते इतके विरघळले, की वाढदिवसाचं आमंत्रण त्यांनीच देऊन टाकलं.

मेजवानीत फिल्म अखंड चालली. सासूबाई लग्नाच्या फोटोला रडल्या, मालसून रडली, यॉमसाहेबही रडले. घरी परत आल्यावर मोजे काढता काढता तॉकसूंना बायकोबद्दल फार प्रेम दाटून आलं.

"काय गं," त्यांनी विचारलं, "माझ्यावरून तुला कधी कोणाचा हेवा वाटला का?"

मालसूनने प्रामाणिकपणे विचार केला. "वाटला होता एकदा. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या नर्सचा."

तॉकसू ताठ बसले. छातीत काहीतरी फुलून आलं. "त्या उंच मुलीचा? ती रोज माझी उशी नीट करायची म्हणून?"

"नाही हो," मालसून दिवा बंद करत म्हणाली. "ड्यूटी संपली की ती घरी जायची."